तलवारींची राणी इतकी भयंकर का वाटते?

मागच्या नवरात्रात रात्री साडेदहाला मैत्रिणीच्या आईचा, म्हणजे काकूंचा फोन आला. "तू पत्त्यांवरच पीएचडी करतेस ना? मग हे काय आहे ते सांग मला." पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फोटो. सिडकोतल्या त्यांच्या कॉलनीत दांडियाच्या शेजारी कुणीतरी टॅरोचं टेबल मांडलं होतं. काकूंनी गंमत म्हणून एक पान उचललं. रीडर बाईंनी ते बघून आवाज खाली केला आणि म्हणाल्या, ही वैधव्याची राणी, घरातल्या कर्त्या माणसाला जपा. काकांची अँजिओप्लास्टी होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

आधी एक खुलासा. माझा विषय पत्त्यांवरची चित्रं हा आहे (नातेवाइकांच्या भाषेत "जुगारावर पीएचडी"). त्यातला मोठा भाग गंजिफाचा, टॅरो तुलनेपुरता. मला भविष्य सांगता येत नाही. पण एखाद्या चित्राला एखादा अर्थ कुठून चिकटला हे शोधणं माझं कामच आहे, आणि काकूंच्या फोटोतलं पान त्या दृष्टीने फार बोलकं आहे.

ते पान 'थॉथ' नावाच्या कॅटमधलं होतं. ॲलिस्टर क्रॉली या इंग्रज गूढवाद्याने कल्पना सांगायच्या आणि लेडी फ्रीडा हॅरिस यांनी चित्रं काढायची, असं काम १९३८ पासून पाचेक वर्षं चाललं होतं. टॅरोच्या ७८ पानांपैकी १६ चित्रांची, म्हणजे आपल्या राजा-राणी-गुलामाच्या जातीची. चार रंग म्हणजे पेले, काठ्या, नाणी आणि तलवारी. तलवारींची राणी या कॅटमध्ये ढगांवर बसलेली आहे. उजव्या हातात तलवार, डाव्या हातात नुकतंच कापलेलं पुरुषाचं मुंडकं. मुंडक्याला दाढी आहे. राणीच्या डोक्यावर एका मुलाचा चेहरा आणि त्यातून चहूकडे निघालेले टोकदार किरण. पहिल्यांदा बघणारा दचकतोच, मीही दचकले होते.

पण नीट बघितलं तर चित्र काळोखं नाही. निळसर आकाश, स्फटिकासारखे कोन, बाईचा चेहरा शांत. क्रॉलीने १९४४ च्या आपल्या पुस्तकात या राणीला मनाची सुटका करणारी मानलं आहे, गोष्ट स्वच्छ दिसणं म्हणजे ही राणी. ते मुंडकं म्हणजे उतरवलेला मुखवटा, असं वाचायला चित्रात भरपूर जागा आहे. नवरा मरणार, असं सांगणारं मात्र चित्रात काही नाही.

मग वैधव्य आलं कुठून? दुसऱ्याच कॅटमधून, आणि त्याच्याही आधीच्या एका शब्दातून.

टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत सुरू झाला तो खेळ म्हणून. हात करायचे, हुकूम मारायचा. त्यातून भविष्य बघायची पद्धत खऱ्या अर्थाने रुजली ती अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये. तिथे एत्तेइला या नावाने धंदा करणाऱ्या एका माणसाने पानापानाला ठरावीक अर्थ वाटून दिले, आणि त्या यादीत तलवारींच्या राणीच्या वाट्याला वैधव्य आलं. साध्या पत्त्यांत इस्पिकची राणी तशीही बदनाम होती. (इंग्रजीतल्या 'स्पेड' या नावामागे 'तलवार' हाच अर्थ आहे. जुन्या कॉम्प्युटरवर हार्ट्स खेळलेल्यांना इस्पिकच्या राणीचे तेरा गुण आठवत असतील.) १९०९ मध्ये पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेला, आज सगळ्यात जास्त खपणारा कॅट आला. त्याचं मार्गदर्शक पुस्तक लिहिताना वेट साहेबांनी ही जुनी यादी बरीचशी पुढे चालवली. आजचे रीडर बहुतेक वेळा त्या यादीच्या कुठल्यातरी नातवाकडून अर्थ पाठ करतात आणि हातात थॉथचा कॅट धरतात. काकूंच्या टेबलावर नेमकं हेच झालं. अर्थ एका कॅटचा, चित्र दुसऱ्याचं, आणि दोन्ही एकमेकांना घाबरवायला उभे.

माझी खरी तक्रार मात्र अनुवादाबद्दल आहे. एत्तेइलाच्या पॅरिसमध्ये 'विधवा' या शब्दात दुःख होतंच, पण आणखीही काही होतं. नवरा जिवंत असताना बाईच्या नावावर जे होऊ शकत नव्हतं, ते तो गेल्यावर होऊ शकत होतं. नवऱ्याचा छापखाना चालवणाऱ्या बायका पुस्तकाच्या पहिल्या पानावर मुद्रक म्हणून 'विधवा अमुक' असं छापत. 'व्हव क्लिको' नावाची शँपेन आजही विकली जाते, त्यातल्या 'व्हव'चा अर्थ सरळसरळ विधवा. १८०५ मध्ये नवरा गेल्यावर त्या बाईने धंदा हातात घेतला आणि ते नाव अभिमानाने बाटलीवर गेलं. आपल्याकडे गुलमंडीत 'विधवा अमुक आणि मंडळी' अशी पाटी कल्पून बघा! जमत नाही ना? आपल्याकडे तो शब्द उच्चारला की कुंकू, मंगळसूत्र, हळदीकुंकवाला न आलेलं बोलावणं हेच पुढे येतं. विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला ४ मे २०२२ ला करावा लागला. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा, आणि हा ठराव २०२२ चा.

म्हणजे तलवार हातात घेऊन सिंहासनावर बसलेली, स्वतःचं स्वतः बघणारी बाई असा जो अर्थ त्या शब्दात दडलेला होता तो वाटेत गळाला, आणि मराठीत फक्त अपशकुन उतरला. रीडर बाई खोटं बोलल्या असं मी म्हणत नाही, यादीत तसं आहेच. पण ज्या बाईचा नवरा नुकता हॉस्पिटलमधून घरी आलाय तिला हा शब्द मराठीत म्हणताना तो किती जड आहे, एवढं तरी कळायला हवं होतं.

याच्या उलट टोकाचं वाचनही मला पटत नाही. हल्लीचे बरेच रीडर वैधव्य वगळून या राणीला 'स्ट्राँग, इंडिपेंडंट वुमन' करून टाकतात. स्मिथबाईंच्या १९०९ च्या पानावर ही राणी एका बाजूला तोंड करून बसलीय, एक हात पुढे केलेला, मनगटाला काहीतरी लोंबतंय, खाली ढग जमलेत. त्या चेहऱ्यावर काहीतरी सोसल्याचं स्पष्ट आहे. ते काढून टाकलं की राणीची एचआर मॅनेजर होते.

गंजिफात हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे राणीच नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. भयंकर चित्र तिथेही आहे. नरसिंहाचा राजा मांडीवर हिरण्यकशिपूला आडवा घालून त्याचं पोट फाडतोय. पण ते पान हातात आलं की खेळणारा खूश, कारण त्या रंगात त्याच्यावर कुणी नाही. मुलाखतींसाठी ही पानं मी बऱ्याच जणांपुढे ठेवली आहेत. नरसिंहाला बघून कुणी दचकल्याचं मला आठवत नाही. गोष्ट माहीत असते, आणि पान कुणाच्या बाजूने आहे तेही.

हेच धरून मी काकूंना म्हटलं, "काकू, तुमच्या देवघरात तुळजाभवानी आहे ना? आठ हात, शस्त्रं, एका हातात दैत्याची शेंडी. वेरूळला १४ नंबरच्या लेण्यात आपण महिषासुरमर्दिनी बघितली, तेव्हा तुम्ही हात जोडलेत. मग हीच बाई बघून भीती का वाटावी?"

मला वाटलं होतं, प्रबंधातलं एक प्रकरण फोनवरच सुटलं. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, ती देवी आहे. तिनं कुणाला मारलं, का मारलं, सगळं माहितीये मला. ही कोण कुठली बाई? आणि ते मुंडकं कुणाचं?"

यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. खरं तर हा आक्षेप माझ्या मार्गदर्शकांनी घ्यायला हवा होता. सारखी दिसणारी दोन चित्रं शेजारी ठेवून 'बघा, अर्थ एकच' म्हणणं ही आमच्या क्षेत्रातली आवडती पळवाट आहे, आणि मी तीच घेतली होती. देवीच्या हातातल्या शेंडीला नाव आहे, गुन्हा आहे, निकाल आहे. थॉथच्या पानावरचं मुंडकं बिननावाचं आहे, म्हणून बघणारा त्याला आपल्या घरातलं नाव देतो. त्यात रीडर एक शब्द पुरवते आणि नाव पक्कं होतं. क्रॉलीला मुखवटा म्हणायचा होता की आणखी काही, हे त्या टेबलाशी पोचतच नाही. दाढीवाल्या पुरुषाचं मुंडकं हे 'कुठलंही' मुंडकं असणं, ही मला आता या चित्रातली कच्ची बाजू वाटते. हॅरिसबाईंनी तिथे माणसाऐवजी खरोखरचा मुखवटा काढला असता तर पान कमी देखणं झालं असतं, पण निदान दिशाभूल करणारं राहिलं नसतं.

काकूंना मी शेवटी एवढंच सांगितलं की हे पान ७८ पैकी एक आहे, त्या दिवशी त्या टेबलावर ते आणखी चार-पाच जणींना तरी आलं असेल, आणि काकांच्या गोळ्या वेळेवर द्या. त्या "हो हो" म्हणाल्या.

कोजागरीला त्यांच्याकडे गेले तर काका ओळखूच येईनात. तीस वर्षं ठेवलेली दाढी काकूंनी काढायला लावली होती.