काशीबाईंनी जपलेलं एक पत्र

डॉ. आनंदीबाई जोशी आपल्याला बहुधा श्री. ज. जोशींच्या कादंबरीतून भेटतात, किंवा 2019 च्या चित्रपटातून. तिथे त्यांचे पती गोपाळराव सगळा अवकाश व्यापतात. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रात मात्र मुख्य आवाज आनंदीबाईंचा आहे, कारण काशीबाईंनी त्यांची पत्रं ग्रंथात घेतली.

काशीबाईंचा जन्म 1861 चा, अष्ट्याचा. बालपणी लग्न झालं. शाळा नाहीच, अक्षरओळख घरातच. तरीही त्या मासिकांतून निबंध, कथा, कादंबरी लिहू लागल्या. या चरित्राची दुसरी आवृत्ती 1912 ची. गोपाळरावांची नोकरी पोस्टातली, त्यामुळे चरित्रात बदल्यांमागोमाग कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता असा संसार फिरतो. मग आनंदीबाईंच्या वैद्यकीय शिक्षणासाठी थेट फिलाडेल्फिया, आणि शेवटी पुणे. 26 फेब्रुवारी 1887 ला आनंदीबाई इथेच गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

पण मी थांबते ती अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रापाशी. आनंदीबाई एकेक वय सांगतात आणि त्या वयात गोपाळरावांकडून काय सोसलं ते सांगतात. दहाव्या वर्षी लाकडाचा मार. बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या, पुस्तकं. सोडून जाण्याची धमकी. चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा. आणि चौदावं वर्ष म्हणजे तान्हं मूल गमावलं तो काळ! पत्रात आक्रोश नाही. गोपाळरावांचं वागणं बरं की वाईट, याचा निवाडा त्या स्वतःच करतात: हेतू पाहिला तर योग्य, कोवळ्या मनावरचा परिणाम पाहिला तर अन्याय. दोन्ही बाजू एकाच वाक्यात तोलणारी ही तरुणी तेव्हा वैद्यकशास्त्र शिकत होती. लक्षणं टिपून निदान करण्याची तीच शिस्त मला या पत्रात दिसते.

हे पत्र गाळणं किती सोपं होतं! दिवंगत स्त्रीचं गुणगान आणि तिला घडवणाऱ्या पतीचा गौरव, एवढ्यावर वाचक खूश झाला असता. काशीबाईंनी ते छापलं. माझ्या मते त्यांचं मोठेपण याच निर्णयात आहे. स्वतः टीका झेलत शिकलेल्या बाईलाच या पत्राची किंमत कळली असणार. कॅरोलाइन डॉल यांनी 1888 मध्ये इंग्रजीत चरित्र लिहिलं, ते महत्त्वाचंच; पण या घराच्या आतली भाषा काशीबाईंची होती.

पुण्याच्या बिबवेवाडीत आज मुली अभ्यासिकांत रात्री उशिरापर्यंत बसतात. तिथल्या ग्रंथपालांना माझी विनंती आहे: परीक्षांच्या पुस्तकांशेजारी काशीबाईंचं हे चरित्र ठेवा. आणि वाचणाऱ्या मुलींनो, सुरुवात त्या पत्रापासून करा.