ड्रायव्हर आला, शेजार मागे राहिला

गेल्या व्याख्यानानंतर दोघातिघांनी एकच विचारलं : लिनक्सचा ड्रायव्हर सी भाषेत, फ्रीबीएसडीही सी भाषेत, मग उचलून इकडे ठेवायला अडचण काय?

अडचण अशी, की ड्रायव्हर एकटा राहत नाही. मेमरी, लॉक, टायमर, सगळ्यासाठी तो कर्नलला हाक मारतो. फ्रीबीएसडीत लिनक्सकेपीआय नावाचा थर आहे, तो या हाकांना लिनक्सच्याच नावानं ओ देतो. सुरुवात इन्फिनिबँडच्या कोडपासून झाली. काम मोठंच आहे. पण नावं जुळली म्हणजे सगळं जुळलं, असं आपण धरून चालतो, तिथे माझा आक्षेप आहे. लिनक्समध्ये स्पिनलॉकसाठी थांबलेला थ्रेड जागच्या जागी घिरट्या घालतो, झोपत नाही. लिनक्सकेपीआयमध्ये त्याच नावाखाली फ्रीबीएसडीचं साधं म्युटेक्स आहे; तिथे थांबलेल्याला बाजूला बसवता येतं. हे खपतं, कारण फ्रीबीएसडीत इंटरप्टचं बहुतेक काम स्वतंत्र थ्रेडमध्ये चालतं. हे कुणाला तरी आधी माहीत असावं लागतं ना!

आता दोन उदाहरणं शेजारी ठेवू. ग्राफिक्सचा ड्रायव्हर आणला तेव्हा त्याच्याबरोबर लिनक्सचा डीआरएम गाभाही आणला, म्हणजे अख्खा शेजारच उचलला. त्या कोडचा बराचसा भाग एमआयटी परवान्याचा, त्यामुळे आणता आला. त्याआधी २०१२च्या ९.१ आवृत्तीत इंटेलचं केएमएस हातानं आणलं होतं. तो रस्ता कष्टाचा, आणि लिनक्स काही कुणासाठी थांबत नाही.

वायफायचं उलट झालं. इंटेलचा आयडब्ल्यूएलवायफाय बीएसडी परवान्यातही मिळतो, म्हणून तो आला, २०२२मध्ये, १३.१ बरोबर. पण लिनक्समध्ये तो ज्याच्या खांद्यावर उभा असतो ते मॅक८०२११ जीपीएलचं. ते मागेच राहिलं. मग फ्रीबीएसडीच्या स्वतःच्या नेट८०२११वर मॅक८०२११चं सोंग उभं करावं लागलं. दोन्हींचे संसार वेगळे, वाटण्या वेगळ्या. परिणाम काय? ड्रायव्हरला ८०२.११एएक्सपर्यंत सगळं येत होतं, मधल्या थराला फक्त ए, बी, जी. नवंकोरं कार्ड, आणि वेग कागदावरसुद्धा जास्तीत जास्त ५४ मेगाबिट! एन आणि एसी यायला २०२५ची १४.३ उजाडली.

यात आळस कुणाचाच नाही, उलट थर लिहिणाऱ्यांनी अवघड काम निभावलं. माझी तक्रार आपल्या बोलण्याबद्दल आहे. 'ड्रायव्हर पोर्ट झाला' हे वाक्य आपण ग्राफिक्सलाही लावतो आणि वायफायलाही. मॅन पेजमध्ये ही मर्यादा स्पष्ट लिहिलेली होती. पण लॅपटॉप घेणारा माणूस हार्डवेअरच्या यादीत कार्डाचं नाव शोधतो, सापडलं की पैसे मोजतो. मॅन पेज तो घरी येऊन उघडतो.