समेवर न येणारं संगीत

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात हॉलमधल्या माइकने एकदा तरी कर्कश शीळ घातली नाही, असं वर्ष विरळाच. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये, आणि प्रत्येक फेरीत वाढत जातो. आपण कानांवर हात ठेवतो, कोणीतरी धावत जाऊन बटण फिरवतं. यालाच फीडबॅक म्हणतात. पण बटण अशा बेताने फिरवलं की आवाज वाढूही नये आणि विझूही नये, तर त्या फेरीतून संगीत निघू शकतं, असं मानणारी मंडळी या देशात गेली पन्नासेक वर्षं आहेत. वायरी आणि बटणांनी भरलेली मॉड्युलर सिंथेसायझरची पेटी घेऊन आपली मुलं खोलीत तासन् तास जे करत बसतात, ते यातलंच. ‘काय हा गोंगाट!’ म्हणण्याआधी एक तबकडी ऐकावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

ब्रायन ईनोची ‘डिस्क्रीट म्युझिक’ १९७५ साली निघाली. त्यातला सिंथेसायझर लंडनच्या ईएमएस कंपनीचा. पीटर झिनोव्हिएफ, ट्रिस्ट्रम कॅरी आणि डेव्हिड कॉकरेल या तिघांनी १९६९ मध्ये पटनीत या यंत्रांना सुरुवात केली. यंत्राचे भाग वायरींनी नव्हे, तर छिद्रांच्या पाटीवर पिना खोचून जोडायचे. ईनोने त्यात दोन छोट्या सुरावटी भरल्या, दोघींची लांबी वेगळी. त्या एका टेपरेकॉर्डरवर मुद्रित होत, तीच फीत सरकत शेजारच्या रेकॉर्डरवर जाऊन काही वेळाने वाजे, आणि ते वाजणं पुन्हा पहिल्याकडे परते. जुना सूर दर फेरीला पुसट होतो, त्यावर नवा येऊन बसतो. तबकडीच्या एका बाजूवर मावेल तेवढं, म्हणजे तीस मिनिटं, हे चालतं. ईनो अधूनमधून आवाजाचा पोत तेवढा बदलतो.

ख्याल ऐकून वाढलेल्या कानाची इथे पंचाईत होते. आपण समेची वाट बघत बसतो आणि सम येतच नाही. अशा वेळी तानपुरा आठवावा. तबला कुठल्याही मात्रेवर असो, तानपुऱ्याच्या चार तारा आपल्याच गतीने फेऱ्या घालत असतात. मिरजेच्या कारागिराने जवारी नीट काढली असेल, तर खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार उमटतो. गायक तो ऐकून आपला सूर लावतो. म्हणजे फेरी तिथेही आहेच, फक्त मध्ये माणूस बसलाय. तानपुऱ्याला आपण कधी ‘यात काही घडत नाही’ म्हणत नाही!

मात्र ‘यंत्र स्वतःच संगीत रचतं’ हे कौतुक मला अर्धंच पटतं. ईनोने सूरच असे निवडलेत की कोणताही कोणावर पडला तरी खटकू नये. रागात वर्ज्य स्वर आधीच बाहेर ठेवतो, तसंच हे. त्यातच या तबकडीचं यश आहे आणि माझी तक्रारही तीच: अर्ध्या तासात एकदाही छातीत धस्स होत नाही. (दुसऱ्या बाजूला पाखेलबेलच्या कॅननची मोडतोड आहे, ती मला ओढूनताणून केलेली वाटली.)

धस्स व्हायचं असेल तर अहमदाबादला जावं लागतं. पटनीत यंत्रं तयार होत होती, त्याच १९६९ साली तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझर बसवून स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत तिथे काम केलं. पुढे विस्मरणात गेलेल्या या फिती पॉल पर्गस या ब्रिटिश संगीतकाराने शोधून काढल्या, आणि २०२३ मध्ये ‘द एनआयडी टेप्स’ हा संच निघाला. बऱ्याच रचना प्रयोगवहीतल्या पानांसारख्या अपुऱ्या आहेत. पण माथुरांनी एका रचनेला ‘वन्स आय प्लेड अ तानपुरा’ असं नाव दिलं, यावरून कान कुठे तयार झाला होता ते कळतं. ट्यूडरचे टेप फीडबॅकचे तुकडे गोड मुळीच नाहीत. फेरी आता हातातून सुटणार, ही धास्ती मात्र त्यांत सतत आहे, आणि ईनोकडे नेमकी तीच नाही.

आपल्या मुलांचं जे थोडंफार ऐकलं, त्यात कल्पना भरपूर, पण थांबायचं कुठे ते ठाऊक नाही. यंत्र वाजवतंय म्हणून वाजू द्यायचं. पेटी दोन तास वाजेल हो, पण त्यातली ऐकण्याजोगी दहा मिनिटं निवडणं हे त्यांचं काम आहे, पेटीचं नव्हे. हे त्यांना सांगायचं कोणी? आपण सांगू शकतो, पण आधी बसून ऐकावं लागेल. मंडळाच्या संगीतसंध्येत त्यांना पंधरा मिनिटं द्यावीत, शेजारी खरा तानपुरा ठेवावा (ॲपवरचा नको), आणि आवाज अगदी कमी असावा. आपली तबकडी जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू लावून पाहा, असं ईनोनेही सुचवलं होतं.