1-5-3-6-2-4

शेवरोलेच्या जुन्या सहा सिलिंडरी इंजिनाचा हा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरं पेटण्याचा क्रम. 1947 ते 1955 या काळात अमेरिकेत निघालेल्या गोलसर नाकाच्या ‘ॲडव्हान्स डिझाइन’ ट्रकांच्या बॉनेटखाली हेच इंजिन असे. हलक्या ट्रकांना आधी 216 घनइंचांचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं, आणि नंतर 235 घनइंचांचं. डिस्ट्रिब्युटर बसवताना मेकॅनिक हे आकडे पुटपुटतो, वायरी लावतो आणि पुढच्या कामाला लागतो. मला मात्र इथं थोडं रेंगाळावंसं वाटतं, कारण पुढचं सगळं काम या सहा आकड्यांत आधीच लिहिलेलं आहे.

पहिले तीन आकडे 1, 5, 3. त्यांच्याखाली पुढचे तीन मांडा: 6, 2, 4. प्रत्येक जोडीची बेरीज 7 येते. हा योगायोग नव्हे. क्रँकशाफ्टवर 1 आणि 6, 5 आणि 2, 3 आणि 4 हे पिस्टन जोडीनंच वर येतात आणि जोडीनंच खाली जातात. जोडीतला एक दाबलेलं मिश्रण घेऊन ठिणगीची वाट बघत असतो, त्याच क्षणी दुसरा जळलेला वायू बाहेर ढकलत असतो. शिवाय शेजारशेजारची दोन सिलिंडरं लागोपाठ कधीच पेटत नाहीत. लांबलचक क्रँकशाफ्टवर पडणारा जोर असा आलटूनपालटून वाटला जातो. एवढ्या कमी जागेत इतका आशय भरलेली रचना यंत्रांच्या जगात फार आढळत नाही.

हा क्रम प्रत्यक्षात उतरवतो तो डिस्ट्रिब्युटर, आपल्याकडचे मिस्त्री ज्याला डेल्को म्हणतात तो. ठिणगी पाडण्याची ही पद्धत चार्ल्स केटरिंग यांची. 1909 मध्ये ओहायोतल्या डेटन शहरात त्यांनी एडवर्ड डीड्स यांच्यासोबत डेल्को ही कंपनी काढली आणि 1910 च्या कॅडिलॅकला त्यांचं इग्निशन बसलं. डिस्ट्रिब्युटरमधले दोन संपर्क, म्हणजे पॉइंट, मिटलेले असताना कॉइलमधून करंट वाहतो. पॉइंट उघडले की तो तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उभा राहतो. ठिणगी पडते ती जोडण्यानं नव्हे, तोडण्यानं. म्हणून टायमिंग लावायचं म्हणजे पॉइंट नेमके कधी उघडतात हे ठरवायचं. फट असते इंचाच्या हजार भागांपैकी सोळा ते बावीस भागांएवढी, पण सगळा कारभार तिच्यावर चालतो.

आता या इंजिनातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. नंतरच्या बहुतेक इंजिनांत टायमिंगची खूण पुढच्या पुलीवर असते. इथं ती मागं फ्लायव्हीलवर आहे, आणि ती खूण म्हणजे कोरलेली रेघ नव्हे. फ्लायव्हीलच्या कडेत पोलादाची एक छोटी गोळी ठोकून बसवली आहे. स्टार्टरजवळ फ्लायव्हीलच्या घराला एक खिडकी आहे, तिच्यात दर्शक काटा. इंजिन हातानं हळूहळू फिरवत राहायचं. काळपट, तेलकट लोखंड खिडकीतून सरकत जातं, मग एकदम ही गोळी चकाकते. 216 च्या इंजिनात ती काट्यासमोर आली की पहिला पिस्टन सर्वांत वर पोचायला साधारण 5 अंश उरलेले असतात. तेलानं, मळानं रेघ बुजते; गोळी फडक्यानं पुसली की पुन्हा दिसते. गॅरेजच्या अंधारात, ओणवं होऊन, एका डोळ्यानं बघणाऱ्या माणसाचा विचार करून कुणीतरी ही खूण ठरवली आहे.

पण गोळी अर्धंच सांगते. चार टप्प्यांच्या एका आवर्तनात क्रँकशाफ्ट दोनदा फिरतो, म्हणून गोळीही काट्यासमोर दोनदा येते: एकदा पहिल्या सिलिंडरात मिश्रण दाबलेलं असताना, एकदा तिथून धूर बाहेर पडत असताना. तालात सम आणि खाली यांचं असतं तसंच हे. मात्रा नुसत्या मोजणाऱ्याला दोन्ही सारख्याच, ठेका ऐकणाऱ्याला मुळीच नाहीत. म्हणून पहिला प्लग काढून भोकावर बोट दाबून धरायचं. आतली हवा बोट ढकलून फुसकन बाहेर आली की समजायचं, हीच ती फेरी. हे न तपासता डिस्ट्रिब्युटर बसवला तर रोटर 1 ऐवजी 6 कडे तोंड करून बसतो, कारण 1 चा जोडीदार 6 च. सगळं काटेकोर जुळलेलं दिसतं आणि इंजिन कार्ब्युरेटरमधून नाहीतर सायलेन्सरमधून फटाके वाजवतं. बेरीज सातची ती जोडी इथं आपली परीक्षा घेते.

डिस्ट्रिब्युटर खाली सोडणं हेही बघण्यासारखं आहे. त्याच्या दांड्यावरच्या गिअरचे दाते तिरके असतात. तो कॅमशाफ्टच्या गिअरमध्ये उतरू लागला की रोटर आपोआप थोडा वळतो. म्हणजे रोटर जिथं यायला हवा तिथं धरून खाली सोडला तर तो तिथून पुढं सरकून बसणार. म्हणून आधी उलट्या दिशेनं थोडा मागं, साधारण एक अष्टमांश फेरा, घेऊन धरायचा आणि उतरता उतरता त्याला जागेवर येऊ द्यायचं. त्यातही दांड्याचं खालचं टोक ऑइल पंपाच्या खाचेत बसलं पाहिजे, नाहीतर डिस्ट्रिब्युटर वरच अडकून राहतो. अशा वेळी ठोकायचं नाही. वरून हलका दाब ठेवून इंजिन थोडं फिरवलं की खाच सापडते आणि तो आपणहून खाली बसतो. ठिणगी आणि वंगण एकाच दांड्यावर चालतात हेही त्या वेळी हाताला कळतं.

मग पॉइंटच्या जोडणीला चाचणीचा दिवा लावून डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवायचा. पॉइंट उघडतात त्या क्षणी दिवा लागतो. इंजिन सुरू झालं की टायमिंग लाइट: पहिल्या प्लगच्या ठिणगीबरोबर तो लखलखतो आणि गरगर फिरणारी गोळी खिडकीत थबकल्यासारखी दिसते. मिनिटाला 3,000 फेरे म्हटले तर एक अंश म्हणजे सेकंदाचा अठरा हजारावा भाग. ज्वाळेला पसरायला मात्र थोडा वेळ लागतोच, म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी पाडावी लागते. ते काम आतली वजनं बघतात, आणि इंजिनावरच्या भारानुसार लागणारा फरक व्हॅक्यूम बघतं.

इथवर सगळं ठरलेलं. पण या रचनेच्या शेवटी आखणाऱ्यानं एक जागा मोकळी ठेवली आहे. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी रेघांची एक छोटी पट्टी असते, ऑक्टेन सिलेक्टर. शून्यावर ठेवून टायमिंग लावायचं, आणि मग पेट्रोल जसं असेल त्याप्रमाणे पट्टीवर पुढं किंवा मागं सरकायचं. कंपनीला आपला ट्रक कुठं कुठं जाणार हे ठाऊक होतं. मुंबईत शिवडीला शेवरोलेच्या मालक जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना 1928 मध्येच सुरू झाला होता. पण प्रत्येक ठिकाणी पंपावर कुठल्या प्रतीचं पेट्रोल मिळेल हे अमेरिकेत बसून सांगता येत नव्हतं. म्हणून शेवटचा निर्णय चालवणाऱ्यावर सोपवला. ट्रक वरच्या गिअरमध्ये घ्या, ॲक्सिलरेटर दाबा, कान द्या. ठिणगी लवकर पडल्याची हलकी, क्षणभराची टिकटिक ऐकू आली की बरोबर. ती लांबली तर टायमिंग मागं घ्या. माझ्या मते या सबंध कामातला सर्वांत उमदा भाग हाच. पोलादी गोळीइतकी नेमकी खूण देऊनही, शेवटचे काही अंश माणसाच्या कानावर सोडायला या इंजिनाचे आखणारे कचरले नाहीत.

आज मात्र ही कसोटी जशीच्या तशी चालत नाही. 216 च्या इंजिनात दाबाचं प्रमाण साडेसहास एकच्या आसपास, आणि आजचं साधं पेट्रोलही त्या काळच्यापेक्षा वरच्या ऑक्टेनचं. टायमिंग बरंच पुढं नेलं तरी टिकटिक येत नाही, आणि कान फसतो. त्याआधी दुसऱ्या खुणा दिसू लागतात: गरम इंजिनाला स्टार्टर लावला की ते उलटा धक्का देतं, आणि आयडलला त्याची लय बिघडते. म्हणून आज असा ट्रक जपणाऱ्यानं आधी गोळी काट्यासमोर आणावी, पट्टी शून्यावर ठेवावी आणि तिथून एकेका रेघेनं पुढं जावं. गरम इंजिन स्टार्टरला सहज फिरेनासं झालं की एक रेघ मागं यावं आणि तिथंच बोल्ट आवळावा.