जर्मन सैन्याचे यश आणि फ्रान्सचा पराभव (१९४०) : तीन ग्रंथांची चिकित्सा

प्रस्तावना

१० मे १९४० रोजी जर्मन सैन्याने पश्चिम आघाडीवर आक्रमण सुरू केले आणि २२ जून रोजी फ्रान्सने युद्धबंदीच्या करारावर सही केली. पहिल्या महायुद्धात चार वर्षे झुंजलेले राष्ट्र सहा आठवड्यांत का कोसळले, या प्रश्नाची उकल करणारे तीन ग्रंथ विशेष महत्त्वाचे आहेत.

मार्क ब्लॉक : ‘विलक्षण पराभव’

मध्ययुगीन इतिहासाचे नामवंत अभ्यासक ब्लॉक वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कॅप्टन म्हणून आघाडीवर होते. इंधनपुरवठ्याचे काम त्यांच्याकडे होते. पराभवानंतर लगेच त्यांनी हा ग्रंथ लिहिला. १६ जून १९४४ रोजी जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या. ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रेंच सेनापती मागील युद्धाच्या गतीने विचार करीत होते, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होय. अखेरच्या प्रकरणात मात्र ते राजकीय पक्ष, कामगार संघटना, मध्यमवर्ग अशा साऱ्या समाजालाच दोषाचे वाटेकरी ठरवतात.

कार्ल-हाइन्त्स फ्रीझर : ‘ब्लिट्झक्रीगची दंतकथा’

१९९५ च्या या ग्रंथात जर्मन श्रेष्ठत्वाची समजूत आकड्यांनी खोडून काढली आहे. जर्मनांचे रणगाडे सुमारे २,४०० होते, तर एकट्या फ्रान्सचे ३,००० हून अधिक. चिलखती डिव्हिजन केवळ १० होत्या. बहुतेक सैन्य पायी चालत होते आणि त्याचे सामान घोडे ओढत होते. यश मिळाले ते मानश्टाइन यांच्या धाडसी योजनेमुळे. आर्देनच्या जंगलातून मुख्य फळी गेली, १३ मे रोजी सेदाँ येथे म्यूज नदी ओलांडली गेली आणि वरिष्ठांच्या कचरण्याला न जुमानता गुडेरियन यांनी समुद्राकडे धाव घेतली. २० मे रोजी जर्मन किनाऱ्यावर पोहोचले. उलट गामेलँ यांनी राखीव ठेवण्याजोगी सातवी सेना हॉलंडकडे धाडली होती. १६ मे रोजी चर्चिल यांनी राखीव सैन्याविषयी विचारले, तेव्हा ते उरलेच नसल्याचे उत्तर मिळाले.

अर्नेस्ट मे : ‘विलक्षण विजय’

ब्लॉक यांचेच शीर्षक उलटवणारा हा ग्रंथ २००० साली प्रसिद्ध झाला. फ्रेंच मनोधैर्य खचलेले नव्हते, उलट आत्मविश्वास फाजील होता, असे मे म्हणतात. शत्रू उशिरा हालचाल करील हे जर्मन गुप्तवार्ता विभागाने अचूक ताडले. फ्रेंचांनी मात्र आर्देनविषयीच्या सूचनांकडे दुर्लक्ष केले.

मूल्यमापन

सैन्य हरले म्हणजे समाज सडलेला होता, हा निष्कर्ष पुराव्याला उतरत नाही. सेदाँजवळचे स्टोन हे गाव मे महिन्यात अनेकदा हातचे गेले आणि परत घेतले गेले. हानूच्या रणगाडा-युद्धातही फ्रेंच सैनिक चिवटपणे लढले. शिवाय या निष्कर्षाचा राजकीय उपयोगही झाला. पेताँ यांनी पराभवाचे खापर राष्ट्राच्या सुखलोलुपतेवर फोडले आणि प्रजासत्ताक मोडीत काढले. ब्लॉक यांची भूमिका याहून मूलतः वेगळी होती. ते स्वतःच्या पिढीची झडती घेत होते आणि त्याच प्रजासत्ताकासाठी त्यांनी प्राण दिले. तरीही त्यांच्या ग्रंथाचा लष्करी भाग साक्ष म्हणून आणि सामाजिक भाग आत्मपरीक्षण म्हणून वेगवेगळा वाचला पाहिजे.

फ्रीझर यांचा भर रणांगणातील हालचालींवर असल्याने जिंकलेल्या जनतेचे पुढे काय झाले, हे त्यांच्या कक्षेत येत नाही. मे यांच्या मांडणीत ‘जर’ला फार मोठे स्थान मिळते. मात्र दोघांनीही एक गोष्ट सिद्ध केली आहे : हा विजय अटळ नव्हता.

समारोप

जर्मन सैन्याच्या यशामागे योजना, वेग, प्रतिपक्षाच्या चुका आणि दैव यांचा संयोग होता. विजेत्यांनी मात्र ते आपले अंगभूत सामर्थ्य मानले आणि १९४१ मध्ये त्याच भरवशावर सोव्हिएत संघावर चाल केली. पराभूतांनी पराभवाचा चुकीचा अर्थ लावला तर स्वातंत्र्य गमावते; विजेत्यांनी विजयाचा चुकीचा अर्थ लावला तर पुढचे युद्ध. १९४० ची चिकित्सा आजही आवश्यक ठरते ती यामुळेच.