बुरूज, दरड आणि अंजिराचे झाड

महाड तालुक्यातील तळीये गावी २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली आणि एक वाडी तिच्याखाली गेली. ८० हून अधिक माणसे दगावली. अशी वार्ता कानी आली की आपल्या तोंडून सहज निघून जाते, ‘कुणाचे काय पाप असेल, कोण जाणे!’ सणासुदीला हा विषय कशाला, असे वाचक म्हणतील. पण याच वृत्तीला येशूने दिलेले उत्तर वाङ्मय म्हणूनही वाचण्याजोगे आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात काही लोक येशूला पिलाताने केलेल्या गालीलकरांच्या हत्येची बातमी सांगतात. येशू तिला दुसरी जोड देतो : शिलोह येथील बुरूज पडून १८ माणसे मेली. ती इतरांहून अधिक पापी होती काय? मुळीच नाही, असे तो बजावतो. मेलेल्यांच्या माथी दोष मारण्याची वाट इथे बंद होते. परंतु लगेच तो ऐकणाऱ्यांकडे वळतो व सांगतो, की पश्चात्तापावाचून त्यांचाही नाश टळणार नाही.

वरवर पाहता ही विसंगती वाटते. मृत दोषी नव्हते, तर जिवंतांना धाक कशाचा? माझ्या मते याचा उलगडा लूकने पाठोपाठ ठेवलेल्या दृष्टान्तात आहे. द्राक्षमळ्यातील अंजिराच्या झाडाला तीन वर्षे फळ नाही. धनी ते तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागतो. भोवती खणीन, खत घालीन, म्हणतो. पश्चात्ताप म्हणजे काय, ते येथे कुदळ आणि खत यांच्या भाषेत कळते. आपल्या शब्दात मागाहून होणारा ताप आहे, संतांच्या ‘अनुतापा’तही तापच आहे, मूळ ग्रीक शब्दाचा रोख मात्र मन पालटण्यावर आहे. रडून मोकळे होणे वेगळे आणि मुळाशी खणणे वेगळे.

या दृष्टान्तात एक उणीव मला जाणवते. झाडाला स्वतःची इच्छा नसते. खणतो तो माळी. मग व्यक्तीची जबाबदारी उरली कुठे? ही उणीव पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राने भरून निघते. डुकरे राखताना तो शुद्धीवर येतो, आपला अपराध स्वतःच्या शब्दांत मनाशी जुळवतो आणि उठून घरची वाट धरतो. बाप धावत सामोरा येतो खरा. पण ते पहिले पाऊल मुलाच्या वतीने दुसऱ्या कुणाला टाकता आले नसते.

झाडाला पुढे फळ आले की नाही, हे लूक सांगत नाही. कथा अपुरी राहिली असे नव्हे. ती ऐकणाऱ्याच्या हाती दिली आहे. आपल्याकडे पाहा. याच महाड तालुक्यात जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई येथे दरडी कोसळून माणसे गेली होती. तिथून तळीयेपर्यंत १६ वर्षे झाली. माळ्याने मागितले होते ते अवघे एक वर्ष.

तळीयेच्या मृतांचे पाप शोधण्याचा अधिकार कुणालाच नाही. त्या १६ वर्षांत आपण कुठे कुदळ मारली, एवढेच प्रत्येकाने आपल्यापुरते विचारावे. दारात पणती लावताना हा प्रश्न मनात आला, तर सणाला उणेपणा येणार नाही.