ई-पुस्तकातील अनुक्रमणिका : चवदार तळ्याच्या लढ्याविषयीच्या साहित्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
अनुक्रमणिका ही केवळ प्रकरणांची यादी नसून संपादकाने केलेली आशयाची मांडणी होय. मुद्रित ग्रंथात वाचक पाने चाळून ही मांडणी स्वतः पडताळू शकतो. ई-पुस्तकात ही सोय मर्यादित असल्याने अनुक्रमणिकेची जबाबदारी वाढते. महाडच्या लढ्याविषयीचे साहित्य या माध्यमात आणताना हा प्रश्न तीव्रतेने जाणवतो.

शीर्षकांची श्रेणी :
४ ऑगस्ट १९२३ चा मुंबई विधिमंडळातील बोले ठराव, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले करण्याचा केलेला ठराव, १९-२० मार्च १९२७ ची परिषद व तळ्यावरील पाणी प्राशन, ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने मागे घेतलेला ठराव, २५ डिसेंबर १९२७ चे मनुस्मृतिदहन, न्यायालयीन मनाईहुकुमामुळे तहकूब झालेला सत्याग्रह आणि १७ मार्च १९३७ चा उच्च न्यायालयाचा निकाल ही एक अखंड साखळी आहे. हे सारे ‘चवदार तळे सत्याग्रह, १९२७’ या एकाच नोंदीखाली ठेवल्यास चौदा वर्षांचा लढा एका दिवसाच्या प्रसंगात आक्रसतो. उलटपक्षी, सर्व नोंदी एकाच पातळीवर मांडल्यास ठराव, परिषद व दावा यांतील कार्यकारणसंबंध लोपतो. म्हणून पहिल्या श्रेणीत लढा, दुसऱ्या श्रेणीत टप्पे आणि तिसऱ्या श्रेणीत भाषणे, ठराव व न्यायालयीन कागदपत्रे अशी रचना अधिक न्याय्य ठरते. शीर्षकाची श्रेणी ठरविणे हे तंत्रज्ञाचे नव्हे, तर अभ्यासकाचे काम आहे.

तांत्रिक बाजू :
अक्षरांचा आकार बदलताच ई-पुस्तकातील मजकूर नव्याने मांडला जात असल्याने मुद्रित आवृत्तीतील पृष्ठांक व त्यापर्यंत जाणाऱ्या टिंबांच्या ओळी तेथे निरर्थक ठरतात. त्यांच्या जागी थेट दुवे हवेत. २००७ च्या ईपब २ मध्ये यासाठी एनसीएक्स ही स्वतंत्र फाइल होती. २०११ च्या ईपब ३ मध्ये तिची जागा एचटीएमएल स्वरूपातील दिग्दर्शक पानाने घेतली. प्रकरणांची नावे केवळ ठळक व मोठी केल्याने अनुक्रमणिका तयार होत नाही. त्यांना शीर्षकाची शैली रीतसर द्यावी लागते, तेव्हाच संगणक त्यांची नोंद आपोआप घेऊ शकतो.

मराठीपुढे आणखी एक अडचण आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकूर पानावर मराठी दिसला, तरी वाचनयंत्राच्या अनुक्रमणिकेत तोच रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ म्हणून उमटतो. सजावटीतही संयम आवश्यक आहे. वेलांट्या व मात्रा एकमेकींना भिडणार नाहीत एवढे ओळींतील अंतर आणि श्रेणी दर्शविणारा समास पुरेसा आहे. ‘प्रकरण १’ या कोरड्या नोंदीऐवजी विषय व वर्ष दिल्यास नोंद स्वयंपूर्ण होते.

निष्कर्ष :
महाडविषयीचे साहित्य महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी व मराठी खंडांत, तसेच ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’च्या अंकांत विखुरलेले आहे. केवळ पानांची छायाचित्रे महाजालावर ठेवल्याने ते उपलब्ध होते, परंतु सुगम होत नाही. तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव १९२४ मध्येच झाला होता; तेथवर पोहोचण्यासाठी मात्र लढावे लागले. ठराव आणि पोहोच यांतील हे अंतर ग्रंथव्यवहारातही ओळखले पाहिजे. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी व संपादकांनी अनुक्रमणिकेस संपादनकार्याचाच भाग मानणे, ही त्याची पहिली पायरी होय.